न उघडलेलं खोकं

चाळिशी-पन्नाशीतली माणसं हल्ली आपल्या लहानपणच्या वस्तू पैसे मोजून परत मिळवतात आणि त्या वस्तूंत ‘ही-मॅन’चा मान बराच वरचा आहे. अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने 1982 साली हा साडेपाच इंची, दंड फुगवलेला, कमरेत स्प्रिंग बसवलेला बाहुला बाजारात आणला. पाठोपाठ 1983 ते 1985 या काळात फिल्मेशन या संस्थेने त्याची 130 भागांची कार्टून मालिका केली. ती आपल्याकडे दूरदर्शनवर लागली आणि लिओ कंपनीने ते बाहुले इथेच बनवून विकले. बीड जिल्ह्यातल्या माजलगावसारख्या तालुक्याच्या गावात मालिका दिसली ती अनेकांना शेजारच्यांच्या ओसरीतून. बाहुला मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनाच मिळाला असेल. बाकीच्यांची तलवार तुराटीची. आज त्या पिढीच्या हातात पैसा आहे आणि लिओचे जुने बाहुले परदेशातले संग्राहकही शोधत असतात. या ओढीला धर्माच्या नजरेने काय म्हणायचं, मोह की स्मरण? एखाद्या वस्तूत जीव अडकणं हा काही अपराध नव्हे. पण ती वस्तू स्पर्शापासून वाचवून ठेवली की स्मरण तिथेच थांबतं, असं मला वाटतं, आणि हे म्हणायला आधार बीड जिल्ह्याच्याच परंपरेत सापडतो.

माजलगावच्या शेजारच्या गेवराई तालुक्यात, गोदाकाठी पांचाळेश्वर आहे. महानुभाव पंथाचं ते आत्मतीर्थ. हा पंथ देवदेवतांच्या मूर्ती पुजत नाही. तरीही वस्तूंविषयी इतका हळवा पंथ महाराष्ट्रात दुसरा नसेल. अवतार जिथे बसले, निजले, जेवले, तिथे ओटा बांधायचा. त्यांचा स्पर्श झालेल्या पाषाणाचे छोटे तुकडे ‘विशेष’ म्हणून जपायचे. हे तुकडे म्हणजे देव नव्हेत. ते आठवायला लावणारे आहेत. अवतार मानलेले पंथप्रवर्तक श्रीचक्रधर उत्तरापंथे निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांना नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचं स्मरण हीच साधना उरली. त्यातूनच त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी, ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिलं होतं त्यांना गाठून, विचारून, पडताळून लीळाचरित्र सिद्ध केलं. म्हणजे मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ हा गेलेल्या काळाच्या ओढीतून जन्मलेला आहे. गतकाळासाठी झुरणं हे दुबळ्या मनाचं लक्षण आहे, असं म्हणणाऱ्याने आधी या ग्रंथाकडे बघावं. मात्र त्या झुरण्याने माणसाला पायपीट करायला लावली, कागद हातात घ्यायला लावला, हेही बघावं. आणि ‘विशेष’ कशामुळे विशेष होतो? स्पर्शामुळे. दगडाचा रंग, घाट, अखंडपणा यांना तिथे काडीची किंमत नाही.

संग्राहकांच्या बाजारात नेमकं याच्या उलट चालतं. तिथे सर्वांत महाग बाहुला तो, ज्याला कोणत्याही पोराचा हात लागलेला नाही. कारखान्यातून निघाला तसाच पुठ्ठ्यावर, प्लास्टिकच्या फुग्याआड, कोपरेसुद्धा न दुमडलेला. खेळून झिजलेला, रंग उडालेला, तलवार हरवलेला ही-मॅन त्याच्यासमोर कवडीमोल. मॅटेलने 2020 मध्ये काढलेल्या नव्या बाहुल्यांच्या मालिकेत खोक्याचं रूपही जुन्यासारखं ठेवलं. गिऱ्हाइकाला खोकंच हवं असतं, हे कंपनीला चांगलं ठाऊक आहे. आता ज्या बालपणाची आठवण म्हणून हे विकत घेतलं जातं, ते बालपण त्या न उघडलेल्या खोक्यात कधी शिरलंच नव्हतं. ते झिजलेल्या बाहुल्यात होतं, नाहीतर त्या तुराटीत होतं, जी केव्हाच चुलीत गेली.

यावर कुणी म्हणेल की एवढ्याशा करमणुकीला अध्यात्माची फूटपट्टी लावू नका. माणसाला थोडा विरंगुळा मिळतो, कुणाचं काय बिघडतं? बिघडतं ते त्याचं स्वतःचं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात पतनाची पायरी-पायरी सांगितली आहे: विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, क्रोध, संमोह, आणि संमोहानंतर स्मृतीचा भ्रंश. आपण सहसा समजतो की आठवणींमुळे आसक्ती जडते. इथला क्रम वेगळा आहे. आसक्तीच शेवटी आठवणीचा घास घेते. उलट अठराव्या अध्यायात अर्जुन सावरतो तेव्हा स्मृती परत मिळाल्याचंच सांगतो. ही साखळी किती अचूक आहे ते 2021 मध्ये दिसलं. नेटफ्लिक्सवर ही-मॅनची नवी मालिका आली, पहिल्याच भागात नायक मरतो म्हणून जुने चाहते असे खवळले की जणू घरातलं कुणी गेलं. पन्नाशीचा माणूस कार्टूनवरून शिवीगाळ करतो तेव्हा त्याला लहानपण आठवत नसतं. लहान मूल तर रोज संध्याकाळी ही-मॅनला मारतं आणि सकाळी उठवून पुन्हा लढायला लावतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महानुभावांच्या दगडाशी या खेळण्याची तुलनाच कशी करता, ते तर पहिल्यापासून विकायला काढलेलं? खरं आहे. खेळणं आधी आणि कथा नंतर. मालिका म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरात, अशी टीका तेव्हा अमेरिकेतही झाली. भागाच्या शेवटी पात्रं येऊन मुलांना तात्पर्य सांगत, त्यामागे ही टीका बोथट करण्याचा हिशेबही होता. कारखान्याची काटकसर तर अशी की ही-मॅन आणि कवटीतोंड्या स्केलेटर यांचं धड एकाच साच्यातून निघालेलं. (सज्जन-दुर्जनांच्या घडणीवर याहून मार्मिक भाष्य त्या 130 भागांत नसेल, आणि ते कुणी मुद्दाम केलेलं नाही.) पण विक्रीने वस्तू बाटते असं मानलं तर पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेल्या मातीच्या बैलांचं काय करायचं? तेही साच्यातले, तेही पैसे देऊन आणलेले. त्यांची पूजा होते, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जातो, आणि नंतर पोरं खेळून त्यांची शिंगं मोडतात. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. पुढच्या श्रावणी अमावास्येला नवी जोडी येते. बैलाविषयीची कृतज्ञता मात्र घरात टिकून राहते, ती मातीच्या एका जोडीत कोंडून पडलेली नसते. कुठून आली यावर वस्तूचं पावित्र्य ठरत नाही, तिच्याशी आपण कसं वागलो यावर ठरतं.

आता कुणी इतिहासाचा दाखला देईल: जपणारे नसते तर काहीच उरलं नसतं. माजलगाव तालुक्यातल्याच पुरुषोत्तमपुरीचा रामचंद्रदेव यादवाचा 1310 सालचा ताम्रपट कुणीतरी सांभाळला म्हणूनच आज वाचता येतो. पण ताम्रपट कोरला तोच टिकण्यासाठी. दानाचा पुरावा पिढ्यान् पिढ्या राहावा हेच त्याचं काम, आणि तो वाचला गेला तेव्हा ते काम पुरं झालं. वस्तुसंग्रहालयात चार-दोन बाहुले काचेमागे ठेवायलाही माझी हरकत नाही. घरातल्या फडताळात सीलबंद ठेवलेला ही-मॅन मात्र ना पुरावा, ना प्रसाद, ना खेळणं. तेव्हा ज्यांनी हौसेने तो मागवला आहे त्यांनी खोकं फाडावं आणि बाहुला घरातल्या, नाहीतर शेजारच्या, पोराच्या हातात द्यावा. त्याची भाववाढ बुडेल, ती बुडू द्यावी.