पायरी ही कोणाची सोय?

लातूर जिल्ह्यात पाणी नसलेल्या जागेलाही बेट म्हणतात. सपाट काळ्या रानात एखादी टेकडी एकटीच वर आलेली असली की ती बेट. उदगीरजवळचे देवर्जनचे हत्तीबेट असेच. चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथचे बेटही तसेच. हे दुसरे औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. द्रोणागिरी नेताना मारुतीच्या हातून त्याचा तुकडा इथे पडला असे लोक सांगतात, आणि त्याला संजीवनी बेट म्हणतात. पावसाळ्यात झाडपाला मिळावा म्हणून आजारी माणसे इथे येतात. या श्रद्धेचे वैद्यकीय मोल काय, हा प्रश्न वेगळा. मी अडतो तो दुसरीकडेच. औषध टेकडीवर आहे, आणि ज्याला ते सर्वांत अधिक हवे त्यालाच टेकडी चढवत नाही.

धट्टाकट्टा माणूस यावर म्हणेल, 'यात अन्याय कसला? त्याला कोणी मनाई केली आहे का?' मनाई म्हणजे काय ते आपण चांगले जाणतो. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जे घडले ते मनाईविरुद्ध होते. पंढरपूरच्या देवळासाठी साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले तेही मनाईविरुद्धच. तिथे अडवणारा माणूस समोर दिसत होता. टेकडी कोणाला अडवत नाही; ती नुसती असते. मग अन्याय करणारा कोणीच नसताना अन्याय होऊ शकतो काय?

नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला रेणुकेच्या देवळाकडे पायऱ्या चढून जावे लागते. त्या पायऱ्या काही डोंगराला आपोआप फुटलेल्या नाहीत. कोणीतरी त्यांसाठी पैसा दिला, कोणीतरी दगड घडवला, आणि पायरी किती उंच असावी हे कोणाच्या तरी धडधाकट गुडघ्यावरून ठरले. त्या नसत्या तर पुष्कळ निरोगी भाविकही हातापायांवर रांगत गेले असते. म्हणजे पायरी हीसुद्धा सोयच आहे. मात्र ती आपल्या सवयीची झाली, म्हणून तिला आपण निसर्ग समजतो. आणि दुसऱ्याने उतरण मागितली की तिला सवलत म्हणतो.

म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन गड चढणाऱ्या मुलाचे आपल्याला फार कौतुक. ते असावेही. पण आईला वाटेत काय पाहायचे होते, हे तिला कोणी विचारीत नाही. पळस फुललेला दिसला तरी 'थांब रे' म्हणायला तिला संकोच वाटतो, कारण मुलाला धाप लागलेली असते. जो उचलून नेला जातो त्याला सारा वेळ कृतज्ञ राहावे लागते. देवाच्या कृपेने पांगळाही पर्वत ओलांडतो, अशी प्रार्थना आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतो. तिच्यात श्रद्धा आहे यात शंका नाही. पण कृपेवर सोपवलेल्या कामाचा हिशेब ग्रामपंचायतीला किंवा वनखात्याला द्यावा लागत नाही, हीही एक सोय.

रानावर प्रेम करणाऱ्यांचा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. सगळीकडे सिमेंट ओतले तर रान कुठे उरणार? प्रत्येक शिखरावर यंत्र न्यावे असे मीही म्हणणार नाही. लिफ्टने दर्शन घडेल, पण मधले जंगल घडणार नाही. माझे मागणे त्याहून पुष्कळ लहान आहे. पायथ्याचा अर्धा किलोमीटर तरी असा असावा, की एक फूट चढायला बारा फूट लांबी मिळेल. काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतते, म्हणून दाबून बसवलेला मुरूम. थोड्या थोड्या अंतरावर सावलीत बसायला कट्टा. आंधळ्यासाठी कमरेच्या उंचीवर दोर, आणि हात लावून, वास घेऊन ओळखावे असे झाड आले की त्या दोराला गाठ. शिवाय एक स्वच्छ संडास. तो नसतो म्हणून कित्येक बायका मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर पाणी पीत नाहीत. ही अडवणूक कोणत्याच फलकावर लिहिलेली नसते.

कायदा यात मागे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. पण कायद्याची नजर आधी कचेरीकडे आणि स्टेशनाकडे जाते. टेकडीची वाट मोजायला कोण येणार?

लातूरकरांना तरी हा प्रश्न परका वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडामातीच्या भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे गेली. वाचलेल्यांत असेही होते, जे रात्री चालत अंथरुणावर गेले होते आणि पुढे कधीच चालले नाहीत. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज चाळिशी ओलांडून गेली आहे. किल्लारीच्याच औसा तालुक्यात खरोशाची, जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. तिला तिथे जायचे असेल तर कसे जाता येईल, एवढाच प्रश्न घेऊन एखाद्या इंजिनिअरने पायथ्याशी फीत धरावी. पहिल्या पायरीची उंची तिथे त्याला मोजता येईल.