मागचे दार

दसऱ्या-पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या घराचा सौदा करावा, ही आपल्याकडची चाल आहे. त्या दिवसांत वर्तमानपत्रे घरांच्या जाहिरातींनी भरून जातात. माणसाला खरोखर काय हवे आहे, हे त्याच्या प्रार्थनेपेक्षा त्या जाहिरातींवरून अधिक कळते. पूर्वेला दार हवे, दिवाणखाना हवेशीर हवा, गाडीला जागा हवी, फाटकावर पहारा हवा; आणि या सर्वांच्या आधी गृहिणीचा प्रश्न असतो, ‘स्वयंपाकघर कसे आहे?’

हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. जुन्या वाड्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या वाड्यांतले स्वयंपाकघर जरा आठवून पाहावे. ओसरी ऐसपैस, खांब कोरीव, दिवाणखान्याला महिरपी; आणि चूल मात्र आतल्या काळवंडलेल्या खोलीत. फुंकणी हाती धरून घरातल्या बायका जन्मभर त्या धुरात डोळे जाळीत. वाडा बांधणाऱ्याला सोय कळत नव्हती असे नाही. त्या खोलीत त्याला स्वतःला बसायचे नव्हते, एवढेच.

१९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. त्यांतील घरांसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी बाईंनी एक स्वयंपाकघर आखले. काम करताना पावले किती पडतात, हात कुठवर पोचतो, याचा हिशेब करून त्यांनी ओटा, कप्पे आणि फळ्या यांच्या जागा ठरविल्या. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली. आज ‘मॉड्युलर किचन’ म्हणून आपण जे हौसेने बसवून घेतो, त्याची ही आजी. घराच्या सोयीला केवळ चैन म्हणून हिणवू नये, ते यासाठी. ही सोय कोणाची आणि तिचे मोल कोण भरतो, हा प्रश्न मात्र प्रत्येक सोयीला विचारला पाहिजे.

तोच प्रश्न दुसऱ्या एका सोयीला विचारू. वाड्याला मागचे एक दार असे. मैला वाहून नेणारा माणूस बोळातून त्या दाराशी येई, म्हणजे पुढच्या अंगणात त्याची सावली पडत नसे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. वाडे पडले, बोळ गेले. परंतु आज कित्येक श्रीमंती इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बायांसाठी आणि सामान पोचविणाऱ्या मुलांसाठी लिफ्ट वेगळी असते आणि तिच्यावर तशी पाटीही असते. घर घेणाऱ्यांना ही व्यवस्था आवडते. गर्दी नको, स्वच्छता राहावी, चोरीचे भय नसावे, अशी कारणे ते सांगतात. एकेक कारण सुटे घेतले तर रास्तच दिसते. वाड्याच्या मालकापाशीही अशी कारणे होतीच.

कपाटे, खोकी, विटा-वाळू यांना लिफ्ट निराळी असावी, यात गैर काही नाही. पण माल आणि माणूस यांत भेद आहे. जिच्या हातची पोळी आपण चवीने खातो, जिच्या कडेवर आपले तान्हे मूल निर्धास्तपणे देतो, तिच्या शेजारी आठ मजले उभे राहणे आपल्याला जड का जावे?

यावर कोणी म्हणेल, इमारत बिल्डर बांधतो, आमच्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. बिल्डर शेवटी गिऱ्हाईक विचारील तेच बांधतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने तर चटई क्षेत्राची व्याख्याच ठरवून दिली. त्यात आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या धरायच्या नाहीत. तेव्हापासून माणसे इंच न् इंच मोजून घेतात, आणि ते योग्यच आहे. त्याच बैठकीत आणखी दोन-तीन गोष्टी विचारायला काय हरकत आहे? पहारेकऱ्याला संडास आहे का? कामाच्या बाईला दुपारी घटकाभर टेकायला जागा कुठे? आणि ती वर येणार कोणत्या लिफ्टने?

पोरांसाठी म्हणून तरी हे विचारावे. अक्षरओळख नुकतीच झालेले मूल दिसेल ती पाटी मोठ्याने वाचते, हे कोणताही मास्तर सांगेल. नव्या घरात पाऊल ठेवण्याआधी ते लिफ्टवरची पाटी वाचील आणि आपले बोट धरून विचारील, ‘आपल्या मावशींनी यातून का यायचे नाही?’ त्याला देता येईल असे उत्तर आधी शोधावे, आणि मगच सौद्याचा विडा उचलावा.