विहिरीत मुरवलेल्या पाण्याचा धनी

पावसाचे वाहून जाणारे पाणी मुद्दाम विहिरीत सोडून भूजलाचा साठा वाढवणे म्हणजे विहीर पुनर्भरण. ओहळाचे पाणी विहिरीलगतच्या खड्ड्यात घेतात, दगड, खडी आणि वाळूच्या थरांतून गाळतात आणि पाइपाने विहिरीत उतरवतात. पुढे ते मुरुमातून आणि खडकाच्या भेगांतून पसरत जाते. बांध त्याला अडवत नाही. खर्च एकाने केला तरी पातळी शेजाऱ्याच्या विहिरीचीही वाढते. मग या पाण्याचा धनी कोण?

1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत उपसण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. पाणी मुरवणाऱ्याचा वेगळा हक्क त्यात नाही. निव्वळ हिशेबाने पाहिले तर पुनर्भरण हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार तळी आणि विहिरींच्या संदर्भात केला होता. जलाशय बांधणे हा पूर्तधर्म, म्हणजे लोकोपयोगी कामाचा धर्म, आणि बांधून झाल्यावर विधिपूर्वक त्याचा उत्सर्ग, म्हणजे त्याग, करायचा. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात काशीत या विषयावर ‘उत्सर्गमयूख’ लिहिला. दान आणि उत्सर्ग यांतला भेद भारतरत्न पां. वा. काणे यांनी स्पष्ट केला आहे. दानात वस्तू दुसऱ्याच्या मालकीची होते आणि दात्याचा तिच्याशी संबंध संपतो. उत्सर्गात मालकी सुटते ती सर्वांसाठी. म्हणून कर्ताही सर्वांपैकी एक या नात्याने ते पाणी वापरू शकतो. पुनर्भरणाला ही कल्पना नेमकी लागू पडते. इथे तर मालकी सोडण्याचा विधीही करावा लागत नाही, ते काम भूगर्भच करतो.

सौराष्ट्रात 1985 ते 1987 च्या दुष्काळानंतर असे पुनर्भरण मोठ्या प्रमाणावर झाले. रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्याय परिवारातील शेतकऱ्यांनी भक्ती म्हणून, श्रमदानाने विहिरी भरल्या. फळ कोणाच्या शेतात उगवेल हे ठाऊक नसताना केलेले हे कर्म गीतेच्या निष्काम कर्माच्या फार जवळचे आहे.

तरीही ‘सर्वांसाठी’ या शब्दावर विसंबता येत नाही. सार्वजनिक चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी दलितांना 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला. शिवाय पाणी मुरवण्याचे पुण्य उपशाला आवर घालत नाही. भरलेली विहीर पाहून कोणी उसाची लागण केली, तर सर्वांचे पाणी एकाच्याच शिवारात जाते. त्यागाइतकाच संयमही धर्म मानला नाही तर पुनर्भरण अपुरे राहते. पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात उभारलेल्या पाणी पंचायतीने हा संयम नियमांत बांधला: वाटा जमिनीवर नव्हे तर माणशी, भूमिहीनांनाही हक्क, उसाला बंदी, आणि जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जात नाही.