व्यसनमुक्तीचा उपदेश आणि उपदेशकाचा अधिकार

सेनेतून निवृत्त झालेल्या सैनिकांनी शाळांत जाऊन मुलांस व्यसनांपासून परावृत्त करावे, असा विचार हल्ली पुष्कळांच्या मनात येतो. काशीच्या परिसरात तो विशेष आस्थेने तपासण्यासारखा आहे. येथील छावणीत ३९ गोरखा प्रशिक्षण केंद्र आहे; शेजारच्या गाजीपूर जिल्ह्यातील गहमर तर सैनिकांचे गाव म्हणूनच प्रसिद्ध. शिवाय जुलै २०२५ मध्ये याच नगरीत आध्यात्मिक संस्थांच्या तरुणांची परिषद भरून नशामुक्तीचे ‘काशी घोषणापत्र’ स्वीकारले गेले. माणसे आहेत, निमित्तही आहे. राहिला तो अधिकाराचा प्रश्न.

येथे शंका उपस्थित होते, की ज्याच्या कॅन्टीन कार्डावर आजही स्वस्त रम मिळते, त्याने मद्यनिषेध कसा सांगावा? मुले हे विचारल्यावाचून राहणार नाहीत. काशीची मुले तर पुढे जाऊन विचारतील, की परवान्याच्या दुकानात भांग मिळते, वडीलधारी मंडळी ती महादेवाचा प्रसाद म्हणून घेतात, मग निषेध आम्हासच का? १९८५ च्या कायद्याने चरस व गांजा यांवर निर्बंध घातले आणि भांगेची पाने त्या व्याख्येबाहेर ठेवली, हे उत्तर न्यायालयात चालेल. वर्गात त्याने कोणाचे समाधान होणार नाही.

गाजीपूरला १८२० पासून अफूचा सरकारी कारखाना आहे. आज तेथे औषधोपयोगी द्रव्ये तयार होतात. परंतु कंपनी सरकारच्या काळी ‘बनारस अफू’च्या पेट्या कलकत्त्याच्या लिलावात जात आणि तेथून चीनला. चीनच्या राजसत्तेने ती अफू रोखली, तेव्हा १८३९ ते १८४२ पर्यंत युद्ध झाले, आणि त्यात हिंदी शिपाईही लढले. त्यांस आज्ञा झाली, ती त्यांनी पाळली. शौर्यात उणे नव्हते, शिस्तीतही नव्हते. आपण कशासाठी लढतो याचा विचार मात्र त्यांच्या वाट्यास आला नव्हता. आता पहा, पहिली चिलीम नाकारणारा मुलगा बहुधा आज्ञा मोडीत असतो, आपल्याच मित्रमंडळीतील म्होरक्याची! त्यास केवळ आज्ञापालन शिकवून कसे भागेल?

अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिस येथे गणवेशातील पोलिसांकरवी शाळांत असे शिक्षण सुरू झाले व देशभर पसरले. पुढे तपासणी झाली, तेव्हा मुलांच्या वर्तनात त्याचा फारसा परिणाम दिसेना. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या मानकांतही नुसते व्याख्यान, भीती घालणे आणि पोलिसांनी पाठ देणे या रीती निष्फळ, क्वचित अपायकारकही, म्हणून नोंदल्या आहेत.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे पहिले लक्षण ‘अनुद्वेगकर’ असे आहे. भाषांतर करताना हा शब्द मला नेहमी थांबवितो. ‘गोड’ म्हणावे तर अर्थ निसटतो, कारण लागलीच सत्याची आणि हिताची अट येते. ऐकणाऱ्याचा थरकाप उडू नये, आणि त्यास फसवूही नये! गीतेचा श्रोता स्वतः योद्धा; त्यास हुकूम देऊन विषय संपविता आला असता. परंतु अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर भगवान त्यास म्हणतात, की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल ते कर. ज्याने आयुष्यभर हुकूम दिले व घेतले, त्या सुभेदारास वर्गात हीच गोष्ट सर्वांत कठीण जाईल.

रमविषयी विचारले असता त्याने खरे तेच सांगावे. तो अजून घेत असेल तर, माझ्या मते, त्याने आधी ती सोडावी व मग शाळेची पायरी चढावी. श्रेष्ठांच्या आचरणामागे लोक जातात, हे तिसऱ्या अध्यायाचे सांगणे वर्गातही लागू आहे. पहाऱ्यावरील थंडी, एकटेपणा, जिवलग सोबत्याने पुढे केलेला पेला परत करण्याची अडचण, हे त्याजवळचे खरे भांडवल होय. पदके घरी ठेवली तरी चालतील.

त्या मानकांत आठवड्यास एक याप्रमाणे १० ते १५ पाठ सांगितले आहेत. आपल्याकडे २६ जूनला पाहुणा यावा, शपथ द्यावी, हार घ्यावा आणि जावे, अशी रीत पडत चालली आहे. शाळेने हार वाचवून त्यास दर सोमवारचा एक तास द्यावा, आणि त्यातील अर्धा तास मुलांच्या प्रश्नांसाठी मोकळा ठेवावा.