पूर्वपीठिका नसलेली वस्तू

जमीन विकत घेणारा मनुष्य कितीही उतावळा असला, तरी सातबारा पाहिल्यावाचून, फेरफार तपासल्यावाचून आणि इतर हक्कांच्या रकान्यात एखादा बोजा चढलेला नाही ना याची खातरजमा केल्यावाचून तो खरेदीखतावर सही करीत नाही; परंतु तोच मनुष्य जुन्या बाजारातील एखादे घड्याळ, आरसा वा पेटी हाती घेतो, तेव्हा ती वस्तू पूर्वी कोणाची होती आणि त्याच्या घरातून ती का बाहेर पडली, हा प्रश्न त्याच्या मनाला सहसा शिवत नाही. जंगम मालमत्तेला दप्तर नसते. या उणिवेतच भयकथेला एक फार सुपीक भूमी सापडलेली आहे, आणि तिची मशागत करणाऱ्यांत अमेरिकन लेखक रॉड सर्लिंग यांचे नाव मी अग्रभागी ठेवतो.

सर्लिंग यांची ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका १९५९ ते १९६४ या काळात अमेरिकेतील सीबीएस या वाहिनीवर चालली. तिचा प्रत्येक भाग म्हणजे एक स्वतंत्र कथा असे. १६ डिसेंबर १९६० रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘अ मोस्ट अनयुज्वल कॅमेरा’ या भागात चेस्टर आणि पॉला हे चोरीवर गुजराण करणारे जोडपे पुराणवस्तूंचे एक दुकान फोडते, हॉटेलच्या खोलीत मुद्देमाल मांडून बसते, आणि सारा ऐवज कवडीमोलाचा निघाल्यामुळे हताश होते. त्यातच एक चमत्कारिक कॅमेरा असतो. त्याने काढलेल्या चित्रात समोरचे दृश्य उमटत नाही. पाच मिनिटांनंतर घडणारे उमटते. पॉलाचे चित्र काढावे तो ती अंगावर नसलेला उंची फरचा कोट घालून उभी दिसते, आणि थोड्याच वेळात तसा कोट चोरीच्याच मालात सापडतो. मग बंद दाराच्या चित्रात तुरुंगात असलेला तिचा भाऊ वुडवर्ड दिसतो, आणि तो फरारी होऊन खरोखरच दारात येऊन ठाकतो.

यानंतरचा क्षण मला या कथेतील सर्वांत मोलाचा वाटतो. हे साधन मानवजातीच्या हितासाठी शास्त्रज्ञांच्या स्वाधीन करावे, असा विचार या भुरट्या माणसांच्या मनाला चाटून जातो. इतक्यात दूरचित्रवाणीवर घोड्यांची शर्यत सुरू होते आणि तो विचार जन्मतःच मरतो. शर्यतीच्या मैदानावर विजेत्यांचा फलक आधीच टिपून ते अमाप पैसा मिळवितात. पुढे हॉटेलातील पियर नावाचा सेवक कॅमेऱ्यावरील फ्रेंच अक्षरे वाचून दाखवितो, तेव्हा कळते की एका मालकाला दहाच चित्रे मिळतात. दोन उरलेली असतात. त्यांवरून भांडण जुंपते, त्या झटापटीत नकळत एक चित्र निघते, त्यात किंचाळणारी पॉला दिसते, आणि दोघे पुरुष एकमेकांशी झुंजत खिडकीतून खाली कोसळतात.

या कॅमेऱ्यात दुष्टता कोठे आहे, हे मी पुनःपुन्हा शोधले, आणि ती मला सापडलेली नाही. तो असत्य बोलत नाही, कोणाला ढकलीत नाही, आणि आपली अट त्याने आपल्याच अंगावर वागविलेली आहे. अरिष्ट येते ते त्या अटीविषयी वेळेवर सांगणारा कोणी नसल्यामुळे. आणि तसा कोणी नाही, कारण वस्तू विकत घेतलेली नाही, उचललेली आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या १८९१ मधील ‘द बॉटल इम्प’ या कथेत सैतानी बाटली घेतलेल्या किमतीहून कमी किमतीलाच विकावी लागते, आणि विकणाऱ्याला तिचे सारे नियम घेणाऱ्याच्या कानी घालावे लागतात; डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांच्या १९०२ मधील ‘द मंकीज पॉ’मध्येही तो पंजा आणणारा सार्जंट-मेजर यजमानाला आधी सावध करतो. तेथे नाश होतो तो सांगितलेले न ऐकल्यामुळे, किंवा ऐकूनही पत्करल्यामुळे. चोरी मात्र धन्याची वस्तू नेते आणि धन्याच्या तोंडची हकीकत मागेच टाकते.

आपल्या पुराणांतील स्यमंतकाची कथा गणेशचतुर्थीच्या निमित्ताने घरोघर ठाऊक असते. रोज सुवर्ण देणारा तो मणी सत्राजिताकडून प्रसेनाकडे, सिंहाकडे, जांबवंताकडे जातो, वाटेत रक्त सांडते, आणि चोरीचा आळ येतो तो श्रीकृष्णावर. मणी कोणाच्या हातून कोणाकडे गेला, हे माग काढून सिद्ध करणे हेच श्रीकृष्णाचे त्या कथेतील मुख्य कार्य आहे; आणि शेवटी अक्रूराकडे लपलेला मणी तो सर्व आप्तांच्या समक्ष दाखवावयास लावतो, व मग त्याच्याकडेच राहू देतो. सर्लिंग यांच्या हॉटेलच्या खोलीत असा माग काढण्याची इच्छा कोणालाच होत नाही.

मग पियरचे काय, असे कोणी विचारील. त्याला तर अक्षरे वाचता येत होती. हा आक्षेप खरा आहे, आणि सर्लिंग यांनी तो टाळलेला नाही. पती आणि भाऊ मेल्यावर पॉला शोक आवरून पैसा गोळा करते आणि खालच्या प्रेतांचे शेवटचे चित्र काढते. पियर पैसा हिसकावण्यासाठी येतो, चित्र पाहतो, आणि प्रेते दोनाहून अधिक आहेत असे तिला सांगतो. ती धावते, पाय अडखळून खिडकीबाहेर पडते. मग तो निवांतपणे चित्रातील प्रेते मोजू लागतो. एवढ्या मृत्यूंची माळ काहींना यांत्रिक वाटते, आणि या भागाची हलकीफुलकी धाटणी पाहता ते समजण्यासारखे आहे. मला मात्र पियरचा शेवट अपरिहार्य वाटतो. अट वाचता येणारा हा एकमेव मनुष्य त्या खोलीत आला होता तो पॉलाच्याच हेतूने, आणि चित्रातील चौथे प्रेत कोणाचे, हे कळेपर्यंत तो खिडकीबाहेर गेलेला असतो.