खोंड बघायला

आमच्या मुरबाडकडं कुणी उलटसुलट बोललं की लोक हसून म्हणत, "याला ठाण्याला धाडा रं." १९०१ सालापासून तिथं वेड्यांचं इस्पितळ, शहराचं नावच त्या आजाराला चिकटलं. १९८२ पर्यंत आम्हीही हसत होतो.

त्या वर्षी बारका काका बिघडला. रात्री कोयता घेऊन पडवीत फेऱ्या मारी, विहिरीत विष कालवलंय म्हणे. देवऋषी झाला, अंगारे झाले. शेवटी आजोबांनी त्याला गोठ्यात दाव्यानं बांधलं. म्हशाच्या जत्रेत अख्ख्या गावाचे बैल पारखून देणारा माणूस! आजी भाकर भरवायला जाई, पण रात्री आतून कडी लावूनच झोपे.

तेव्हा १९१२ चा कायदा होता. डॉक्टरांचे दाखले, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, सगळं वडिलांनी केलं. काकाला तेवढं कुणी विचारलं नाही. वडील त्याला म्हणाले, "कल्याणला खोंड बघायला जाऊ." संशय नको म्हणून मला सोबत घेतलं. मी दहा वर्षांचा, पण मला खरं ठाऊक होतं. एसटीत काका मला दात बघून बैलाचं वय कसं ओळखायचं ते सांगत राहिला. कल्याणला लोकल पकडली तेव्हाही काही बोलला नाही. ठाण्याला इस्पितळाच्या फाटकाशी मात्र थांबला.

"दादा, बैल कुठं हाय?"

वडील खाली बघत राहिले.

गोळ्यांनी तो सुधारला, हेही सांगायला हवं. पाच महिन्यांनी घरी येऊन त्यानं नांगर धरला. वडील शेवटपर्यंत म्हणत, "खरं सांगितलं असतं तर आला असता का?" मला हा प्रश्न खोटा वाटत नाही; कोयता मीही पाहिला होता. पण काकानं त्यांच्या हातून गोळी कधी घेतली नाही, आणि गोळी सुटली की आजार परत येई.

आता २०१७ चा कायदा आहे. साखळीनं बांधायला बंदी. संमतीशिवाय दाखल करायचं तर दोघांनी स्वतंत्र तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. मुदत आधी तीस दिवसांचीच. शहाणपणी माणूस लिहून ठेवू शकतो, की पुढं कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आपल्या वतीनं कोण बोलेल. कोयत्याच्या रात्री तो कागद कोण शोधणार, हे मला अजून कळत नाही.

काकाला कुणी आधी विचारलं असतं, तर त्यानं वडिलांचंच नाव सांगितलं असतं. घरी परतल्यावर विचारलं असतं तर बहुतेक आजीचं.

म्हशाच्या जत्रेला तो पुढंही दरवर्षी जाई. मला कधी 'चल' म्हणाला नाही.