मी आहे ना इथं!

सुईला मी भितो, हे यवतमाळात घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. दवाखान्यात भरती झालो आणि साऱ्या वॉर्डाला कळले. पहिल्या सिस्टर म्हणाल्या, "काही दुखत नाही हो!" दुखले. दुसऱ्या दिवशीच्या सिस्टर म्हणाल्या, "दुखन जी! पण मी हाये नं इथं." दुखले तेवढेच, ओरडलो मात्र निम्मे.

तेव्हापासून एक कोडे पडले आहे. वॉर्डभर फिरणाऱ्या या बाईंना प्रत्येकाचे खरेच दुखत असेल? मग संध्याकाळी त्यांनाच खाट लागायची! की तो जिव्हाळा नुसता नोकरीपुरता?

अशा वेळी मुंबईचे के. ई. एम. आठवते. तिथलीच परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली हल्ल्यात जबर जखमी झाली आणि कायमची अंथरुणाला खिळली. २०१५ साली ती गेली, तोवर जवळजवळ ४२ वर्षे तिथल्या सिस्टरांनी तिचे सारे केले. कित्येकींनी तिला हिंडताफिरताना पाहिलेही नव्हते, आणि 'बरं वाटतंय' एवढा शब्दही तिच्याकडून मिळणार नव्हता. पगारात एवढे बसत नाही. मनात काय होते ते त्यांचे त्यांना ठाऊक; त्या तिथे होत्या, हे खरे.

घरी आलो. सौभाग्यवतींचे डोके दुखत होते. मी मायेने म्हणालो, "मी आहे ना इथं!"

"म्हणूनच दुखतंय."

निमूट उठून चहा टाकला.